चेहऱ्याला शोभेल आणि खान्देशच्या उन्हात टिकेल असा हेअरकट कसा निवडायचा

आमच्या जळगावात खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं. पोरगा असेल तर, "साइडले बारीक करी टाक, वर राहू दे." मुलगी असेल तर मोबाइल पुढे धरून, "ताई, सेम टू सेम असा." पोराचं म्हणणं फार मोघम, मुलीचं फार नेमकं. अडचण मात्र दोन्हीकडे सारखीच: ज्या चेहऱ्यावर हे बसवायचं, त्याचा कुणी विचारच केलेला नसतो. फोटोतल्या नटीचा चेहरा उभट, केस सरळ, समोर पंखा लावलेला. आपला चेहरा गोल, केस दाट आणि बाहेर ४४ डिग्री.

आजवर ज्यांनी "थोडे कमी करा" एवढंच सांगून केस कापून घेतले आणि आता पहिल्यांदाच ठरवून कापायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकी सगळं ज्याच्यावर उभं आहे ते आधी सांगते. केस जिथे संपतात तिथे बघणाऱ्याची नजर थांबते आणि तो भाग रुंद दिसतो. हनुवटीशी संपले तर जबडा रुंद, गालाशी संपले तर गाल रुंद. टाळूवर उंची दिली की चेहरा लांब दिसतो, कानांपाशी फुगवटा दिला की आखूड दिसतो. कटची नावं पाठ नसली तरी चालेल. "केसांचं टोक नेमकं कुठे येणार?" एवढं विचारायला शिकलात तरी निम्मं काम झालं.

पायरी पहिली: चेहरा मोजा

आरशात बघून "मन्हं तोंड गोल शे" असं ठरवू नका. गोल म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणींचा चेहरा मुळात गोल नसतोच. गाल भरलेले असतात, किंवा लहानपणापासून मधोमध भांग पाडून केस चापून बसवायची सवय असते, त्यामुळे तसं वाटतं.

शिंप्याची टेप लावली तर ती गालावरून वळत जाते आणि आकडा वाढतो. त्यापेक्षा फोटोवर मोजणं सोपं. केस पूर्ण मागे घेऊन बांधा, चष्मा काढा, उजेडाकडे तोंड करून उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी पाच-सहा फुटांवरून मागच्या कॅमेऱ्यानं फोटो काढायला सांगा. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर असावा, मान वर-खाली नको. सेल्फी इथे कामाची नाही. जवळून काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशेब मांडून दाखवलं होतं की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं आणि ५ फुटांवरून हा फरक जवळजवळ उरत नाही. नाक मोठं झालं की कान आणि जबड्याच्या कडा मागे सरकतात, चेहरा आहे त्यापेक्षा निमुळता वाटतो. सेल्फी बघून चेहऱ्याचा आकार ठरवणारे इथेच फसतात.

फोटो स्क्रीनवर मोठा करा आणि साध्या पट्टीनं चार मापं घ्या. कपाळ मोजायचं भुवया आणि केसांची रेघ यांच्या मध्यावर. गाल मोजायचे डोळ्यांच्या खाली, जिथे चेहरा सगळ्यात रुंद आहे तिथे. जबडा ओठांच्या पातळीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आणि लांबी, केस सुरू होतात तिथपासून हनुवटीच्या टोकापर्यंत. पुढचे केस मागे सरकले असतील तर भुवया वर उचला. सगळ्यात वरची आठी जिथे पडते त्याच्या बोटभर वर मूळची रेघ होती असं धरा.

समजा लांबी ९ सेंटिमीटर भरली, गाल ७.५, कपाळ ६.५ आणि जबडा ६.३. नऊला साडेसातनं भागलं की १.२ येतात. हा भागाकार दीडच्या आसपास असेल तर चेहरा लांबट-गोल. सव्वा किंवा त्याहून कमी असेल तर गोल किंवा चौकोनी. १.६ च्या पुढे गेला तर उभट. गोल की चौकोनी हे आकड्यावरून कळत नाही, बोटावरून कळतं: कानाच्या पाळीखालून हनुवटीकडे बोट फिरवा. मध्येच हाडाचा कोपरा लागला तर चौकोनी, बोट सरळ घसरत गेलं तर गोल. कपाळ जबड्यापेक्षा बरंच रुंद असेल तर चेहरा वर रुंद आणि खाली निमुळता. उलटं असेल तर जबडा भारी. कपाळ आणि जबडा दोन्ही लहान, फक्त गालाची हाडं बाहेर, असाही एक प्रकार असतो.

हे आकडे म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नाही. पुष्कळांचा चेहरा दोन प्रकारांच्या मध्ये बसतो. अशा वेळी प्रकाराचं नाव शोधत बसू नका, कपाळ, गाल आणि जबडा यांत सगळ्यात मोठं माप कुठलं आलं तेवढं लक्षात ठेवा. केसांचं टोक त्या जागी येऊ द्यायचं नाही, एवढाच त्याचा उपयोग.

आखूड केस शोभतील का, यासाठी पेन्सिलची एक युक्ती आहे. जॉन फ्रीडा या ब्रिटिश केशरचनाकाराच्या नावानं ती ओळखली जाते. पेन्सिल हनुवटीखाली आडवी धरा, कानाच्या पाळीपासून पट्टी सरळ खाली सोडा आणि पाळीपासून पेन्सिलपर्यंत किती अंतर भरतं ते बघा. सव्वादोन इंचांपेक्षा कमी असेल तर आखूड केस खुलतात, जास्त असेल तर लांब. मला ही युक्ती कललेल्या मनाला थोडा धीर द्यायला बरी वाटते, त्यापुढे नाही. आकडा सव्वादोनच्या आसपासच घुटमळला तर ती विसरून जा.

पायरी दुसरी: केसांचा स्वभाव

इथे मी चेहऱ्यापेक्षा जास्त वेळ घालवते. चेहऱ्याला शोभणारे दहा कट सापडतील, पण त्यातले सात तुमचे केस ऐकणारच नाहीत.

केस धुवा, पुसा, काहीही न लावता सगळे मागे विंचरा आणि डोकं हलवा. केस आपणहून जिथे दुभंगतील तो तुमचा खरा भांग. रोज तुम्ही भलतीकडेच पाडत असाल तर दुपारपर्यंत तो विस्कटणारच, कट कितीही चांगला असू दे.

मग भोवरा बघा. टाळूच्या मागच्या बाजूला बहुतेकांना एक असतो, काहींना दोन. भोवऱ्यावरचे केस फार लहान झाले की उभे राहतात आणि कितीही पाणी मारलं तरी बसत नाहीत. तिथे आजूबाजूपेक्षा थोडे जास्त ठेवावे लागतात, म्हणजे वजनानं पडून राहतात. काहींना भोवरा कपाळाच्या रेघेवरच असतो. अशांनी कपाळावर सरळ झुलपं घ्यायचा नाद सोडावा, ती मधोमध फाटतात. बाजूला वळवलेली चालतील.

केस बारीक आणि विरळ असतील तर लेअर, म्हणजे वरचे केस आखूड आणि खालचे लांब असे थर, कमी. खूप लेअर घेतले की वर फुगवटा दिसतो खरा, पण खाली उंदराच्या शेपटीसारखं टोक उरतं आणि केस आहेत त्यापेक्षा कमी वाटतात. अशा केसांना खांद्याच्या वर, एका रेषेत कापलेला बॉब किंवा मागून यू अक्षरासारखा गोलसर कापलेला हलका यू कट जास्त भरलेपणा देतो. दाट आणि लाटांचे केस असतील तर उलटा प्रकार: एका रेषेत कापले की खालून त्रिकोण होऊन पसरतात, म्हणून आतून वजन काढावं, म्हणजे आतले केस थोडे विरळ करावे लागतात. हे काम कात्रीनं करून घ्या. लाटांच्या केसांवर वस्तरा फिरवला की टोकं पिंजारतात.

कुरळ्या केसांसाठी सरळ सांगते: ओले असताना नेम धरून कापू देऊ नका. ओला असताना हनुवटीला टेकलेला कुरळा केस वाळल्यावर सहज कानाच्या पाळीपर्यंत चढतो. शक्यतो कोरड्यावर, वळण बघत बघत कापायचे, आणि पहिल्या खेपेला मनात आहे त्यापेक्षा दोन इंच लांब ठेवायचे.

घरी बोअरचं जड पाणी असेल तर तेही हिशेबात धरा. शाम्पूला फेस कमी येतो, केस राठ होतात आणि वाळल्यावर पसरतात. पार्लरमध्ये सेट करून दिलेला कट घरच्या पहिल्या धुण्यानंतर वेगळा दिसतो तो बऱ्याचदा यामुळे. म्हणून खुर्चीत बसताना घरच्या पाण्यानं आदल्या दिवशी धुतलेले केस घेऊन या. तेल लावून येऊ नका. तेलकट केस चापून बसतात, त्यांची खरी दाटी आणि वळण कापणाऱ्याला दिसतच नाही.

पायरी तिसरी: तुमचा दिवस कसा जातो

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ च्या पुढे जातो. सकाळी सुंदर दिसणारी झुलपं अकरा वाजता घामानं कपाळाला चिकटलेली असतात. स्कूटीवर जाणारी प्रत्येक मुलगी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं गुंडाळते, वरून हेल्मेट असेल तर तेही. शेतावर जाणाऱ्याच्या डोक्याला रुमाल. या सगळ्याखाली टाळूवरची उंची सपाट होते. म्हणून ड्रायर फिरवून, स्प्रे मारून आणलेल्या आकारावर विसंबू नका. बोटं फिरवून झटकल्यावर जो आकार परत येतो, तोच तुमचा कट.

आखाजीला लेकी माहेरी येतात तेव्हा ऊन ऐन भरात असतं, आणि "ताई, गरम होतं, लहानच करून टाक" हे त्या दिवसांत हमखास ऐकू येतं. जरा थांबा. मानेपर्यंत आलेले, पण रबरात न मावणारे केस उन्हाळ्यात सगळ्यात जास्त त्रास देतात. लांब केस वर बांधून टाकता येतात, हे धड बांधताही येत नाहीत आणि मानेला घामानं चिकटून राहतात. उन्हासाठी कापायचे तर मान पूर्ण उघडी राहील इतके कापा, नाही तर पोनी बांधता येईल इतके ठेवा. मधला मुक्काम थंडीत करा.

डोक्यावर पदर घेणाऱ्या बायका विचारतात, "आमचे केस दिसतातच कुठे?" दिसतात. पदराच्या कडेतून भांग आणि कानापुढच्या दोन बटा दिसतात, आणि चेहऱ्याची चौकट तेवढ्यावरच ठरते. अशा वेळी मागची लांबी तशीच ठेवून फक्त पुढच्या बटा ओठांपासून किंवा हनुवटीखालून उतरत्या करून घ्या. वेणी जशीच्या तशी राहते, घरात कुणाला कळतही नाही, आणि चेहऱ्यात फरक मात्र दिसतो. सासरी केस कापण्यावरून कुरबुर होत असेल त्यांनाही मी हेच सुचवते. लेअर मात्र खांद्याच्या खालून सुरू करा. वरून सुरू केलेले लेअर वेणीच्या बाहेर डोकावतात.

पायरी चौथी: चेहरा आणि कट यांची जोडी

गोल चेहऱ्याला लांबी हवी असते. टोकं हनुवटीच्या खाली गेली पाहिजेत, निदान दोन बोटं. भांग मधून न पाडता थोडा बाजूला. कपाळ पूर्ण झाकणारी सरळ झुलपं नकोत, कारण वरून चेहरा कापला गेला की उरतो तो फक्त गालांचा भाग. हनुवटीशी संपणारा, आत वळलेला बॉब हा गोल चेहऱ्याचा वैरी. आणि तोच सगळ्यात जास्त मागितला जातो.

अमळनेरकडची एक कॉलेजातली मुलगी असाच फोटो घेऊन आली होती. भागाकार सव्वाचा, केस दाट, लाटांचे, रोज स्कूटी. मी तिला मोबाइलवर तिचाच फोटो दाखवला आणि केस हनुवटीशी दुमडून धरले, मग कॉलरबोनपाशी. दुसरं बघितल्यावर तिनंच "इथे" म्हणून बोट ठेवलं. कॉलरबोनपर्यंत लांबी, आतून वजन कमी, पहिला लेअर हनुवटीच्या खाली, भांग डावीकडे. स्कार्फ काढल्यावर हात फिरवला की बसतो आणि पोनीही बांधता येते. तुम्हीही घरी आरशासमोर केस वेगवेगळ्या उंचीवर दुमडून बघा. कुठल्याही अ‍ॅपपेक्षा यातून जास्त कळतं.

चौकोनी चेहऱ्यात जबड्याचा कोपरा ठसठशीत असतो. बायकांना तो मऊ करायचा असेल तर टोकं जबड्याशी थांबवू नयेत. एक तर वर, नाही तर बरीच खाली. तुटक टोकांचे लेअर, बाजूला वळलेली झुलपं, हलकी लाट, हे सगळं चालतं. काटकोनात कापलेली सरळ रेघ चालत नाही. मला स्वतःला ठसठशीत जबडा झाकण्यापेक्षा केस मागे घेऊन मिरवलेला आवडतो, पण हा ज्याचा त्याचा प्रश्न.

उभट चेहऱ्याला गोलच्या अगदी उलट. टाळूवर उंची नको, कमरेपर्यंत लोंबणारे सरळ केसही नकोत. कपाळावर झुलपं घेतली की लांबी लगेच कमी दिसते, आणि कानांपाशी थोडा फुगवटा असावा. हनुवटीचा बॉब इथे खुलतो. उन्हाळ्यात झुलपं झेपत नसतील तर मधून दुभंगून दोन्ही गालांकडे उतरणारी लांब झुलपं घ्या. घाम आला की कानामागे खोचता येतात.

वर रुंद, खाली निमुळता असेल तर भर जबड्यापाशी हवी. हनुवटी ते खांदा या पट्ट्यात संपणारे केस, टोकांना किंचित बाहेरचं वळण. कपाळ झाकायच्या नादात दाट झुलपं घेऊ नका, त्यानं डोकं आणखी जड दिसतं. विरळ, बाजूला जाणारी पुरे. ज्यांचा जबडा भारी आणि कपाळ लहान, त्यांनी भर वर द्यायची: टाळूवर थोडे लेअर, कपाळ उघडं, आणि टोकं जबड्याच्या बरीच खाली. गालाची हाडं बाहेर असणाऱ्यांनी कपाळावर हलकी झुलपं घेऊन रुंदी वाढवावी, केस एका कानामागे खोचावेत, आणि गालाच्या हाडापाशी कुठलाही लेअर संपू देऊ नये.

लांबट-गोल चेहऱ्यावर जवळपास सगळं शोभतं, म्हणून अशांना सांगायला फारसं काही नाही. त्यांनी दुसरी पायरी पुन्हा वाचावी.

चष्मा वापरत असाल तर दाट झुलपं आणि जाड फ्रेम एकत्र नकोत, चेहराच उरत नाही. कट संपत आला की चष्मा लावून आरशात बघा. काड्यांमुळे कानाजवळचे केस बाहेर फेकले जातात, ते तेव्हाच सारखे करून घेता येतात.

पोरांसाठी वेगळं

पुरुषांच्या केसांत खेळ साइडचा आणि दाढीचा. साइड जितकी बारीक तितका चेहरा अरुंद आणि लांब दिसतो. म्हणून गोल चेहऱ्याला साइड बारीक आणि वर उंची हे जमतं. उभट चेहऱ्याला तेच केलं की पंचाईत.

भुसावळचा एक मुलगा आला, चेहरा चांगला लांबोडका. म्हणे साइड झिरो मारा आणि वर क्विफ, म्हणजे पुढच्या केसांचा उंच तुरा, उभा करा. मी म्हटलं, "भो, साइड काढली की रुंदी गेली, वर उभे केले की लांबी वाढली. दोन्हीकडून चेहरा ओढला जाणार." शेवटी साइडला मशीनचा चार नंबर ठेवला, वर अडीच इंच ठेवून पुढे-तिरके घेतले, कल्ले कानाच्या मध्यापर्यंत. दाढी गालांवर भरलेली आणि हनुवटीवर आखूड. गोल चेहऱ्याला दाढी याच्या बरोबर उलटी ठेवायची: गालांवर बारीक, हनुवटीवर जरा लांब.

मशीनचे नंबर एकदा डोक्यात बसवून घ्या, कारण "बारीक" या शब्दाचा अर्थ प्रत्येक दुकानात वेगळा. साधारणपणे एक नंबरची कंगी ३ मिलिमीटर केस ठेवते, दोनची ६, तीनची १०, चारची १३. झिरो म्हणजे कंगीच नाही. पहिल्यांदा जात असाल तर तीनपासून सुरू करायला सांगा, आरशात बघा, मग दोनवर या. तीनवरून दोनवर येणं मिनिटाचं काम. उलटा प्रवास दहा-बारा दिवसांचा. डोक्यावर जुनी खूण, खड्डा किंवा मागे चपटेपणा असेल तर तो झिरोत उघडा पडतो, हेही आधी चाचपून बघा.

चौकोनी जबड्याच्या पोरांना फार विचार करायची गरज नाही, साधा आखूड कटही उठून दिसतो. पुढचे केस विरळ होत असतील तर लांब ठेवून झाकायचा प्रयत्न करू नका. विरळ केस लांब झाले की मधली टाळू जास्त चमकते. आखूड आणि साइड त्याहून आखूड, हे जास्त बरं. आणि मानेवर वस्तरा लागणार असेल तर पातं डोळ्यांसमोर नवीन लावायला सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही.

पायरी पाचवी: खुर्चीत बसल्यावर

घाईच्या दिवशी जाऊ नका. श्रावणात केस-दाढी न करणारे पुष्कळ, त्यामुळे श्रावण लागायच्या आधीचे दिवस आणि पोळा झाल्यानंतरचे दिवस दुकानं भरून वाहतात. रविवार तर नेहमीचाच. पहिल्यांदा वेगळा कट करायचा असेल तर आडवारी दुपारी जा, कापणाऱ्याला तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

फोटो दोन-तीन न्या, पण तुमच्यासारख्याच केसांच्या माणसाचे. एक फोटो नको असलेल्या कटचाही न्या. त्यानं फार पटकन कळतं. समोरून, बाजूनं आणि मागून असे तिन्ही असतील तर उत्तम. मागची बाजू तुम्हाला दिसत नाही, पण रांगेत मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसते.

"दोन बोटं कापा" असं म्हणू नका. कुणाची बोटं? स्वतःच्या केसांवर हात ठेवून "वाळल्यावर इथे आले पाहिजेत" असं दाखवा. लेअर हवे असतील तर दोन प्रश्न विचारा: पहिला कुठून सुरू होणार आणि सगळ्यात खालचा कुठे संपणार. उत्तर "तुम्ही बसा तर खरं" असं आलं तर ट्रिमिंग करून घ्या आणि मोठा कट दुसरीकडे करा.

कापताना मान सरळ ठेवा, पाय एकमेकांवर टाकून बसू नका. पाय टाकला की खांदा कलतो आणि केस एका बाजूला जास्त जातात. मोबाइल बघत मान खाली घातली तर मागची रेघ तिरकी येते. ड्रायर सुरू करायच्या आधी एकदा थांबवून बघा. फुगवून सेट केल्यावर चुका झाकल्या जातात.

लग्न असेल तर

नवरीनं मोठा बदल लग्नाच्या तोंडावर करू नये. कट दोन-तीन आठवडे आधी, म्हणजे केस बसतात आणि काही खटकलं तर सुधारायला वेळ राहतो. अंबाडा किंवा खोपा घालायचा असेल तर मागची लांबी जपा, आखूड लेअर पिनांतून सुटत राहतात. कपाळावर दाट झुलपं घेतली असतील तर मुंडावळ्या नेमक्या त्यांच्यावर बसतात. केस चेपतात, आणि हळदीचा व घामाचा चिकटपणा वेगळाच. नवरदेवानं चार-पाच दिवस आधी कापावेत. त्याच दिवशी कापले तर कानामागची पांढरी रेघ फोटोत दिसते, आणि फेटा काढल्यावर केस कसे बसतात तेही आधी बघितलेलं बरं.

पायरी सहावी: कापून झाल्यावर

केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर, कधी थोडे जास्त वाढतात. यावरून खर्चाचा आणि कटकटीचा अंदाज बांधा. साइड बारीक केलेला कट दोन-तीन आठवड्यांत आकार सोडतो. झुलपं महिन्याच्या आत डोळ्यांत येतात. बॉबला दीड-दोन महिन्यांनी हात लावावा लागतो. लांब लेअर तीन महिने निवांत चालतात. नंदुरबार किंवा चोपड्याच्या आतल्या गावातून शहरात यायला दर तीन आठवड्यांनी जमणार नसेल तर साइड बारीक असलेला कट घेऊच नका, गावातल्या दुकानात होईल असा घ्या. झुलपांची हौस असेल तर हेही ऐका: भुवईपासून हनुवटीपर्यंत परत वाढवायला जवळपास वर्ष जातं.

कट झाल्या दिवशी मत बनवू नका. घरी, घरच्या पाण्यानं, दोन वेळा धुवा. रोजच्यासारखा भांग पाडा, स्कार्फ बांधा, सोडा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काय खटकतं ते नेमकं शोधा: डावीकडे जास्त आहे, भोवऱ्यावर उभे राहतात, एक बट डोळ्यात येते. तेवढंच सांगायला परत जा. आठवड्याच्या आत गेलात तर चांगला कारागीर टोकं पैसे न घेता सारखी करून देतो. महिन्यानं गेलात तर तो नवा कट, आणि पैसेही नवे.